गीतांतून उभे राहणारे चरित्र : फॅट्स वॉलर यांच्यावरील ‘एन्ट मिसबिहेविन’ या संगीत-रिव्ह्यूचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

अमेरिकी जाझ पियानोवादक व गीतसंगीतकार थॉमस ‘फॅट्स’ वॉलर (१९०४–१९४३) यांच्या गीतांवर आधारलेला ‘एन्ट मिसबिहेविन’ हा संगीत-रिव्ह्यू १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आला. कथानक, निवेदन आणि नायकाचे पात्र या तिन्हींचा आधार न घेता एका गीतकाराचे जीवन व कार्य रंगमंचावर मांडण्याचा हा प्रयत्न होता. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रयोगाचा ‘इतिहासलेखनाचा एक प्रकार’ या दृष्टीने विचार केला आहे. गीतांची निवड, त्यांचा क्रम आणि श्रेयनिर्देश यांतून प्रयोगाने कोणता इतिहास सांगितला, कोणता झाकला आणि गीताच्या मालकीचा प्रश्न कसा हाताळला, हे येथे तपासले आहे.

बीजशब्द : संगीत-रिव्ह्यू, फॅट्स वॉलर, अँडी राझाफ, हार्लेम, ब्रॉडवे, श्रेय व स्वामित्वहक्क.

१. प्रस्तावना

लोकप्रिय गीताचे एक वैशिष्ट्य असे की, ते जितके अधिक लोकांच्या ओठांवर जाते तितका त्याचा कर्ता विस्मृतीत जातो. गायकाचा आवाज लक्षात राहतो, चाल लक्षात राहते. परंतु ती चाल कोणी बांधली आणि शब्द कोणी लिहिले, हे सांगता येणारे श्रोते थोडेच असतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी रंगभूमीवर रूढ झालेला गीतकारकेंद्री संगीत-रिव्ह्यू हा नाट्यप्रकार या विस्मृतीला दिलेले एक उत्तर होय.

‘रिव्ह्यू’ हा मूळ फ्रेंच शब्द असून ‘परीक्षण’ या अर्थाच्या समध्वनी इंग्रजी शब्दाशी त्याची गल्लत होऊ नये. सलग कथानक नसलेला, गीते, नृत्ये व छोटे विनोदी प्रवेश यांची गुंफण असलेला रंगमंचीय प्रयोग, असा त्याचा स्थूल अर्थ आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत या प्रकाराचा भर ताज्या गाण्यांवर आणि भपकेबाज नेपथ्यावर असे. पुढे त्याच्या पोटात एक उपप्रकार निर्माण झाला. त्यात नवी गाणी नव्हती. एकाच रचनाकाराची जुनी गाणी निवडून, विशिष्ट क्रमाने मांडून त्यांतून त्या रचनाकाराची ओळख घडविली जाऊ लागली. बेल्जियन गीतकार जाक ब्रेल यांच्यावरील १९६८ चा न्यूयॉर्कमधील प्रयोग आणि स्टीफन सोंढाइम यांच्यावरील १९७६ चा लंडनमधील प्रयोग ही त्याची ठळक उदाहरणे आहेत. मात्र त्या वेळी ब्रेल आणि सोंढाइम दोघेही हयात होते. वॉलर यांच्या निधनाला १९७८ मध्ये चौतीस वर्षे उलटली होती. त्यामुळे ‘एन्ट मिसबिहेविन’चा प्रश्न निराळा होता. तो प्रश्न भूतकाळाशी, म्हणजेच इतिहासाशी संबंधित होता.

२. अभ्यासाची दिशा

प्रस्तुत विवेचनात तीन प्रश्न केंद्रस्थानी आहेत. पहिला, निवेदन व कथानक नसताना केवळ गीतांच्या मांडणीतून जीवनचरित्र सांगता येते काय? दुसरा, ‘गीतकार’ कोणाला म्हणावे, याविषयी या प्रयोगाने कोणती भूमिका घेतली? तिसरा, कृष्णवर्णीय कलावंतांच्या श्रमाचे श्रेय व मोल हा जो वॉलर यांच्या आयुष्यातील कळीचा प्रश्न, त्याला या गौरवप्रयोगात कितपत स्थान मिळाले? या प्रश्नांच्या उत्तरांसाठी प्रथम वॉलर यांचा जीवनपट थोडक्यात पाहणे आवश्यक आहे.

३. फॅट्स वॉलर : जीवन व काळ

थॉमस राइट वॉलर यांचा जन्म २१ मे १९०४ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. घरातील वातावरण धार्मिक होते आणि वडील ख्रिस्ती धर्मोपदेशाचे कार्य करीत. चर्चमधील ऑर्गन हे या बालकाचे आरंभीचे वाद्य. किशोरवयातच हार्लेममधील लिंकन थिएटरमध्ये मूकपटांच्या वेळी ऑर्गन वाजविण्याचे काम त्यांना मिळाले. पुढे जेम्स पी. जॉन्सन या ज्येष्ठ वादकाकडून त्यांनी ‘स्ट्राइड’ पद्धतीचे पियानोवादन आत्मसात केले. या पद्धतीत डावा हात खालच्या स्वरावरून मधल्या स्वरसमूहावर सतत झेपा घेत लय धरून ठेवतो आणि उजवा हात चालीचा विस्तार करतो. एकच वादक जणू संपूर्ण वाद्यवृंदाचे काम करतो.

या वादनपद्धतीमागे आर्थिक वास्तव होते. दक्षिणेकडील राज्यांतून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना हार्लेममध्ये चढी घरभाडी भरावी लागत. भाडे उभे करण्यासाठी भाडेकरू आपल्या घरी प्रवेशमूल्य आकारून मेजवानी ठेवत व तेथे पियानोवादकाला बोलावीत. वाद्यवृंद परवडत नसल्यामुळे एका पियानोवर सारी रात्र रंगवू शकणाऱ्या वादकाला मागणी असे. वॉलर यांच्या कलेची जडणघडण चर्च, मूकपटगृह व अशा मेजवान्या या तीन ठिकाणी झाली.

१९२२ मध्ये त्यांच्या पियानोवादनाची पहिली ध्वनिमुद्रणे झाली. १९२८ मध्ये ‘कीप शफलिन’ या ब्रॉडवेवरील प्रयोगाच्या संगीतात त्यांचा वाटा होता. परंतु त्यांच्या गीतरचनेच्या दृष्टीने १९२९ हे वर्ष निर्णायक ठरले. हार्लेममधील कॉनीज इन या क्लबसाठी तयार झालेला ‘हॉट चॉकलेट्स’ हा रिव्ह्यू २० जून १९२९ रोजी ब्रॉडवेवरील हडसन थिएटरमध्ये आला. त्याचे गीतलेखन अँडी राझाफ यांचे, तर संगीत वॉलर व हॅरी ब्रूक्स यांचे होते. ‘एन्ट मिसबिहेविन’ हे गीत त्याच प्रयोगातील. ‘आपण काही वावगे वागत नाही’ अशी प्रियजनाला खात्री देणाऱ्या या गीताने लुई आर्मस्ट्राँग या तरुण ट्रम्पेटवादकाचे नाव ब्रॉडवेच्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचविले.

गीतकार राझाफ यांचा परिचयही येथे देणे अगत्याचे आहे. त्यांचा जन्म १८९५ मध्ये वॉशिंग्टन येथे झाला. त्यांचे वडील मादागास्करच्या राजघराण्यातील होते आणि फ्रेंच आक्रमणात ते मारले गेले. आईचे वडील जॉन एल. वॉलर हे मादागास्करमधील अमेरिकेचे वाणिज्यदूत होते. आडनाव एकच असले तरी त्यांचे व फॅट्स वॉलर यांचे नाते नव्हते. शब्द राझाफ यांचे व चाल वॉलर यांची, अशा भागीदारीतून अनेक चिरस्मरणीय गीते निर्माण झाली.

१९३४ पासून व्हिक्टर कंपनीसाठी ‘फॅट्स वॉलर अँड हिज ऱ्हिदम’ या छोट्या वाद्यवृंदाने शेकडो गाण्यांचे मुद्रण केले. १९३८ मध्ये वॉलर यांनी युरोपचा दौरा केला. १९४३ मध्ये ‘अर्ली टू बेड’ या ब्रॉडवेवरील संगीतनाटकाला त्यांनी संगीत दिले. प्रामुख्याने श्वेतवर्णीय कलावंतांच्या कथानकप्रधान संगीतनाटकाला कृष्णवर्णीय संगीतकाराचे संगीत, ही त्या काळी दुर्मीळ घटना होती. त्याच वर्षी १५ डिसेंबर रोजी रेल्वेप्रवासात, कॅन्सस सिटी येथे, न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे एकोणचाळीस वर्षांचे होते.

४. विकलेली गाणी

वॉलर यांच्या चरित्रातील सर्वाधिक अस्वस्थ करणारा भाग त्यांच्या गाण्यांच्या विक्रीचा आहे. खर्चिक स्वभाव, थकलेली पोटगी आणि तातडीची गरज यांमुळे ते हातातील गाणी मिळेल त्या रकमेला प्रकाशकांना देऊन टाकीत. १९२९ मध्ये ‘एन्ट मिसबिहेविन’सह सुमारे वीस गाण्यांवरील आपले हक्क त्यांनी एका प्रकाशकाला ५०० डॉलरना विकल्याचे चरित्रकारांनी नोंदविले आहे. म्हणजे एका गाण्याची किंमत सरासरी २५ डॉलर पडली.

याहून गुंतागुंतीचा प्रश्न दुसऱ्यांच्या नावावर प्रसिद्ध झालेल्या गाण्यांचा आहे. १९२८ मध्ये लोकप्रिय झालेले ‘आय कान्ट गिव्ह यू एनिथिंग बट लव्ह’ हे गीत जिमी मॅक्ह्यू व डोरोथी फील्ड्स यांच्या नावे नोंदलेले आहे. त्याची चाल मुळात वॉलर यांची असून ती त्यांनी विकून टाकली, असा दावा त्यांचे पुत्र मॉरिस वॉलर यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चरित्रग्रंथात केला. राझाफ यांचे चरित्रकार बॅरी सिंगर यांनीही १९९२ मधील आपल्या ग्रंथात या शक्यतेला पुष्टी देणाऱ्या आठवणी दिल्या आहेत. मात्र आठवणी म्हणजे दस्तऐवज नव्हे. श्रेय विकताना ते पूर्णपणे पुसले जाणे, हाच अशा व्यवहाराचा उद्देश असल्यामुळे कागदी पुरावा मागे राहण्याची शक्यताही अल्प असते. इतिहासाच्या अभ्यासकाला अशा ठिकाणी दावा खरा वा खोटा ठरविण्यापेक्षा, असा दावा सहज विश्वसनीय वाटावा अशी परिस्थिती होती, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

५. रिव्ह्यूची निर्मिती

‘एन्ट मिसबिहेविन’ची संकल्पना मरे हॉर्विट्झ व रिचर्ड मॉल्टबी (धाकटे) यांची. दिग्दर्शन मॉल्टबी यांनी केले. ८ फेब्रुवारी १९७८ रोजी मॅनहटन थिएटर क्लबच्या छोट्या कॅबरे-दालनात प्रयोग सुरू झाला आणि तीनच महिन्यांत, ९ मे १९७८ रोजी, तो ब्रॉडवेवरील लाँगएकर थिएटरमध्ये दाखल झाला. पाच कृष्णवर्णीय कलावंत, म्हणजे नेल कार्टर, आंद्रे डी शील्ड्स, आर्मेलिया मॅक्क्वीन, केन पेज व शार्लेन वुडर्ड, आणि पियानोवर ल्यूथर हेंडरसन, असा त्याचा आटोपशीर संच होता. हेंडरसन यांनी ड्यूक एलिंग्टन यांच्याबरोबर काम केले होते. वॉलर यांच्या पियानोवादनाचे वाद्यवृंदासाठी रूपांतर करण्याची अवघड कामगिरी त्यांनी पार पाडली. नृत्यदिग्दर्शन आर्थर फारिया यांचे होते.

या प्रयोगाला त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट संगीतनाटकाचे टोनी पारितोषिक मिळाले. मॉल्टबी यांना दिग्दर्शनासाठी व नेल कार्टर यांना अभिनयासाठी टोनी पारितोषिके लाभली. १९८२ मध्ये थांबेपर्यंत ब्रॉडवेवर त्याचे १,६०४ प्रयोग झाले. १९७९ मध्ये तो लंडनमध्ये सादर झाला, १९८२ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर आला आणि १९८८ मध्ये मूळ संचासह ब्रॉडवेवर पुन्हा उभा राहिला.

या यशाची कारणे केवळ कलात्मक नव्हती. १९७५ मध्ये न्यूयॉर्क महानगरपालिका दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. अशा काळात थोडक्या कलावंतांचा, एका दृश्यबंधावर चालणारा प्रयोग निर्मात्यांना सोयीचा होता. दुसरे कारण असे की, १९७५ मधील ‘द विझ’ व १९७६ मधील ‘बबलिंग ब्राउन शुगर’ या प्रयोगांनी कृष्णवर्णीय कलावंतांच्या संगीतनाटकाला ब्रॉडवेवर मोठा प्रेक्षक असल्याचे दाखवून दिले होते. तिसरे म्हणजे जुन्या आफ्रिकी-अमेरिकी संगीताकडे समाजाचे लक्ष पुन्हा वळले होते. रॅगटाइम संगीतकार स्कॉट जॉपलिन यांना १९७६ मध्ये, मृत्यूनंतर ५९ वर्षांनी, पुलित्झरचे विशेष पारितोषिक देण्यात आले, हे याचे बोलके उदाहरण होय.

६. मांडणीतून इतिहास

या प्रयोगात ‘फॅट्स वॉलर’ नावाचे पात्र नाही. जन्म, विवाह, यश, मृत्यू असे टप्पेही नाहीत. पाचही कलावंत वॉलर यांच्या व्यक्तिमत्त्वाचे पैलू वाटून घेतात. खट्याळपणा एकाकडे, तर कारुण्य दुसऱ्याकडे. प्रेक्षकाला जे मिळते ते घटनांचे चरित्र नसून स्वभावाचे चरित्र असते. पारंपरिक चरित्रात घटना आधी येतात व त्यांतून स्वभाव अनुमानाने कळतो. येथे हा क्रम उलटला आहे.

दोन अंकांची विभागणी या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. पहिला अंक हार्लेममधील रात्रीच्या जीवनाभोवती फिरतो आणि घरगुती मेजवानीचा गलबला चितारणाऱ्या १९३७ च्या गीताने संपतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील टंचाई व मोडीतील वस्तूंचे संकलन या विषयांवरील गाणीही प्रयोगात आहेत. त्यामुळे सनावळीचा उच्चार न करता काळाची जाणीव होते. दुसऱ्या अंकाच्या उत्तरार्धात मात्र सारी धामधूम एकाएकी थांबते. पाचही कलावंत बसून, नृत्याविना, ‘ब्लॅक अँड ब्लू’ हे गीत गातात.

या एका गीताचा इतिहास संपूर्ण प्रयोगाचा अर्थ उलगडण्यास साहाय्यभूत ठरतो. ते १९२९ मध्ये ‘हॉट चॉकलेट्स’साठी लिहिले गेले. राझाफ यांनी पुढे सांगितलेल्या हकिगतीनुसार, प्रयोगात पैसा गुंतविलेल्या एका गुंडाने सावळ्या वर्णाच्या स्त्रीच्या दुःखावर विनोदी गाणे लिहिण्याची मागणी बंदुकीच्या धाकाने केली. राझाफ यांनी गाणे लिहिले. परंतु विनोदाच्या आवरणाखाली वर्णभेदाची वेदना ठेवून दिली. मूळ प्रयोगात ते एडिथ विल्सन यांनी गायिले. त्याच वर्षी आर्मस्ट्राँग यांनी ध्वनिमुद्रण करताना प्रेमविषयक प्रास्ताविक कडवे गाळले आणि गीताचा रोख थेट वर्णभेदाकडे वळला. १९५२ मध्ये राल्फ एलिसन यांनी ‘इन्व्हिजिबल मॅन’ या कादंबरीच्या आरंभी याच मुद्रिकेचा उपयोग केला. म्हणजे १९७८ मधील कलावंत जेव्हा हे गीत गातात तेव्हा ते एकटे वॉलर यांचे राहत नाही. राझाफ यांची चतुराई, आर्मस्ट्राँग यांचे संपादन आणि एलिसन यांचे वाचन यांचे थर त्यावर चढलेले असतात. रिव्ह्यूने या थरांचे स्पष्टीकरण दिले नाही. केवळ स्तब्धता दिली. आधीच्या तासाभराच्या हास्यविनोदामागे काय दडले होते, हे प्रेक्षकाला त्या स्तब्धतेत उमगते. गीतांचा क्रम हेच येथे इतिहासकाराचे भाष्य आहे.

७. ‘गीतकार’ कोण?

प्रयोगातील गीतांची यादी पाहिली असता एक विसंगती लक्षात येते. गौरव वॉलर यांचा असला तरी सर्व गाणी त्यांची नाहीत. १९३५ मध्ये त्यांच्या आवाजात गाजलेले पत्रलेखनाचे गीत फ्रेड आलर्ट व जो यंग यांचे आहे. इतरही काही गाणी अन्य रचनाकारांची असून वॉलर यांनी ती केवळ गायिली वा वाजविली. उलटपक्षी, त्यांच्या काही वाद्यरचनांना मुळात शब्दच नव्हते. ‘हँडफुल ऑफ कीज’ व ‘जिटरबग वॉल्ट्झ’ यांसारख्या रचनांसाठी १९७८ च्या निर्मितीत नवे शब्द लिहिण्यात आले.

दस्तऐवजी काटेकोरपणाच्या दृष्टीने ही त्रुटी मानता येईल. परंतु वॉलर यांच्या कार्यपद्धतीचा विचार करता तिला वेगळा अर्थ प्राप्त होतो. व्हिक्टर कंपनीने त्यांच्याकडे अनेकदा सामान्य दर्जाची बाजारू गाणी मुद्रणासाठी पाठविली. वॉलर अशा गाण्यांतील भाबडेपणाची आवाजाच्या फिरतीने, मध्येच टाकलेल्या शेऱ्यांनी व पियानोच्या खोड्यांनी थट्टा करीत आणि त्यातून नवीच कलाकृती घडवीत. कागदावरील मालकी एकाची, ऐकू येणारी निर्मिती दुसऱ्याची, अशी ही स्थिती होती. ‘गीत ज्याने घडविले तो त्याचा कर्ता’ अशी व्यापक व्याख्या रिव्ह्यूने स्वीकारली. कायद्याला मात्र ती मान्य नाही. ‘आय कान्ट गिव्ह यू एनिथिंग बट लव्ह’ हे विवाद्य गीत प्रयोगात समाविष्ट आहे. परंतु श्रेयनामावलीत मॅक्ह्यू व फील्ड्स यांचीच नावे आहेत. रंगमंचावर ते गीत वॉलर यांचे आणि छापील कागदावर दुसऱ्यांचे. सादरीकरणाचा इतिहास व दस्तऐवजाचा इतिहास यांतील अंतर यापेक्षा स्पष्टपणे क्वचितच दिसते.

८. गौरवाच्या मर्यादा

या प्रयोगाच्या तीन मर्यादा नमूद करणे आवश्यक आहे.

पहिली मर्यादा राझाफ यांच्यासंबंधी आहे. जाहिरातीत हा ‘फॅट्स वॉलर’ यांचा प्रयोग होता. शीर्षकगीताचे व ‘ब्लॅक अँड ब्लू’चे शब्द राझाफ यांचे असूनही त्यांचे नाव श्रेयनामावलीपुरते राहिले. ३ फेब्रुवारी १९७३ रोजी, म्हणजे या प्रयोगाच्या पाच वर्षे आधी, ते निवर्तले होते. विस्मृतीवर उपाय म्हणून निर्माण झालेला प्रकार एकाला उजेडात आणताना दुसऱ्याला सावलीत ठेवू शकतो, याचे हे उदाहरण होय.

दुसरी मर्यादा निवडीची. ज्या व्यवहारांत वॉलर यांनी आपली गाणी गमावली त्यांचा मागमूस प्रयोगात नाही. चर्चचा ऑर्गन आणि १९३९ मध्ये त्यांनी मुद्रित केलेली ‘लंडन स्वीट’सारखी गंभीर वाद्यरचना यांनाही तेथे जागा मिळाली नाही. विनोदी, खुशालचेंडू वॉलर प्रेक्षकांना प्रिय होते आणि तेच प्रामुख्याने समोर आले. हयातीतही त्यांच्यातील गंभीर संगीतकार याच हास्यामागे झाकला गेला होता.

तिसरी मर्यादा सामाजिक स्वरूपाची. १९२९ च्या हार्लेममधील मोठ्या क्लबांत कलावंत कृष्णवर्णीय आणि ग्राहक मुख्यत्वे श्वेतवर्णीय असत. १९७८ मधील प्रयोगाचे दोन्ही संकल्पक श्वेतवर्णीय आणि रंगमंचावरील पाचही कलावंत कृष्णवर्णीय होते. जुन्या व्यवस्थेची ही पुनरावृत्ती होती काय, असा प्रश्न उपस्थित होतो. त्याचे संपूर्ण होकारार्थी उत्तर देणे अन्यायाचे ठरेल. सांगीतिक घडणीचे सूत्र हेंडरसन यांच्याकडे होते आणि कलावंतांच्या व्यक्तिमत्त्वांनी भूमिकांना आकार दिला. तरीही हा प्रश्न टाळता येत नाही. ‘ब्लॅक अँड ब्लू’च्या वेळची स्तब्धता हा प्रश्न प्रेक्षागृहासमोरही ठेवते.

९. कायदा आणि वारसा

प्रयोग ज्या वर्षी आला त्याच वर्षी, १ जानेवारी १९७८ पासून, अमेरिकेचा १९७६ चा स्वामित्वहक्क कायदा अमलात आला, हा योगायोग लक्षणीय आहे. १९०९ च्या जुन्या कायद्यानुसार हक्काची मुदत २८ वर्षे असे व तिचे आणखी २८ वर्षांसाठी नूतनीकरण करता येई. नूतनीकरणापूर्वी रचनाकार मरण पावल्यास, त्याने पूर्वी केलेला करार काहीही असला तरी, तो हक्क वारसांकडे जातो, हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६० मधील एका निवाड्यात स्पष्ट केले. १९२९ च्या गीतांचे नूतनीकरण १९५७ मध्ये येत होते आणि वॉलर १९४३ मध्येच निवर्तले होते. म्हणजे तरुण वयात गमावलेल्या गाण्यांचा काही भाग परत मिळण्याची वाट कायद्यात होती; परंतु ती रचनाकाराच्या मृत्यूमधून जात होती.

नव्या कायद्याने जुन्या रचनांची मुदत एकूण ७५ वर्षांपर्यंत वाढविली आणि १९९८ च्या दुरुस्तीने ती ९५ वर्षे झाली. त्यामुळे १९२९ मध्ये प्रकाशित झालेली ‘एन्ट मिसबिहेविन’ व ‘ब्लॅक अँड ब्लू’ ही गीते १ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेत सार्वजनिक मालकीची झाली. एकेकाळी सरासरी २५ डॉलरना विकले गेलेले गीत आज कोणीही मोबदला न देता गाऊ शकतो. मालकीचा प्रश्न असा काळानेच मिटविला. श्रेयाचा प्रश्न मात्र कोणत्याही मुदतीने मिटत नाही. तो इतिहासाच्या अभ्यासकाकडे सोपविला जातो.

१०. मुंबईशी असलेला धागा

या इतिहासाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १९३५ पासून ताजमहाल हॉटेलमध्ये लिऑन ॲबी, क्रिकेट स्मिथ व टेडी वेदरफोर्ड या आफ्रिकी-अमेरिकी वादकांचे जाझ संगीत ऐकू येऊ लागले. वॉलर यांच्यापेक्षा एकाच वर्षाने मोठे असलेले पियानोवादक वेदरफोर्ड १९४५ मध्ये कलकत्त्यात मरण पावले. या वादकांच्या सहवासात व ध्वनिमुद्रिकांच्या साहाय्याने गोमंतकीय वादकांची एक पिढी तयार झाली. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट यांना तर ‘भारताचे लुई आर्मस्ट्राँग’ म्हटले जाई. ज्या आर्मस्ट्राँग यांना वॉलर यांच्या गीताने ब्रॉडवे मिळवून दिला त्यांचाच हा आदर्श होता. सी. रामचंद्र या मराठी संगीतकाराच्या १९५१ मधील ‘अलबेला’ चित्रपटात चिक चॉकलेट आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावर दिसतात.

चिक चॉकलेट निदान दिसले तरी. त्या काळातील हिंदी चित्रपटगीतांचे वाद्यसंयोजन करणाऱ्या अनेक गोमंतकीय कलावंतांची नावे श्रेयनामावलीत क्वचितच येत. त्यांच्या योगदानाची पद्धतशीर नोंद एकविसाव्या शतकात, ग्रेगरी बूथ व नरेश फर्नांडिस यांच्यासारख्या लेखकांनी केली. श्रेयाचा प्रश्न हार्लेमपुरता मर्यादित नव्हता, हे यावरून ध्यानात येते.

११. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१. गीतकारकेंद्री संगीत-रिव्ह्यू हा केवळ स्मरणरंजनाचा प्रकार नाही. निवड, क्रम व सादरीकरण या तीन साधनांनी तो भूतकाळाचा अन्वयार्थ लावतो.

२. कथानकाचा अभाव ही या प्रकाराची उणीव न राहता बलस्थान ठरू शकते. ‘ब्लॅक अँड ब्लू’च्या स्थानावरून हे सिद्ध होते.

३. कायदेशीर कर्तृत्व आणि कलात्मक कर्तृत्व यांतील तफावत हा प्रयोग उघड करतो. परंतु तिची चर्चा करीत नाही.

४. गौरवप्रयोगातील मौन हेही ऐतिहासिक साधन आहे. राझाफ यांचे दुय्यम स्थान व विकलेल्या गाण्यांविषयीची शांतता यांतून १९७८ च्या रंगभूमीने काय ऐकण्याची तयारी दाखविली होती, हे समजते.

‘एन्ट मिसबिहेविन’ने वॉलर यांचे नाव पुन्हा लाखो प्रेक्षकांपर्यंत नेले, हे त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. मात्र टाळ्यांचा कडकडाट ओसरल्यावर श्रेयनामावली काळजीपूर्वक वाचणे आणि तिच्यात नसलेली नावे शोधणे, हे काम रंगभूमीचे नव्हे. ते अभ्यासकाचे आहे, आणि अद्याप पुष्कळसे शिल्लक आहे.